स्वतःहून जुळणारी लघुपेप्टाइडे : औषध आणि जनुक वाहून नेण्याच्या कामी

अमिनो आम्लांची आखूड साखळी म्हणजे पेप्टाइड. दोन अमिनो आम्लांपासून साधारण तीसपर्यंतच्या साखळ्यांना या क्षेत्रात लघुपेप्टाइडे म्हणण्याचा प्रघात आहे. त्यांतली काही पाण्यात मोकळी राहत नाहीत. पुरेशा प्रमाणात असली की ती एकमेकांना बिलगतात आणि त्यांतून काही नॅनोमीटर ते काहीशे नॅनोमीटर जाडीचे तंतू, पोकळ नळ्या, फिती किंवा पुटिका तयार होतात. या जुळणीसाठी रेणूंमध्ये नवे रासायनिक बंध घालावे लागत नाहीत. साखळीत कोणते अमिनो आम्ल कितव्या जागी आहे, यावरच पुढे कोणता आकार उभा राहणार ते बरेचसे ठरते.

अशा रचनांच्या पोटात किंवा पृष्ठभागावर औषध बसवता येईल, जनुकीय द्रव्य गुंडाळता येईल आणि काम संपल्यावर उरलेली अमिनो आम्ले शरीर नेहमीप्रमाणे पचवून टाकेल, ही अपेक्षा गेली तीस वर्षे या संशोधनामागे आहे. तिचा आढावा घेताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पेप्टाइड जिथे टोचले किंवा लावले तिथेच राहून काम करणार असेल, किंवा पेप्टाइड हेच औषध असेल, तर पुरावा भक्कम आहे आणि उत्पादने बाजारात आहेत. रक्तातून प्रवास करून नेमक्या पेशीपर्यंत पोहोचायचे आणि तिथे दुसरे काही उतरवायचे असेल, तर आजचा पुरावा मुख्यतः काचपात्रातल्या पेशींचा आणि उंदरांचा आहे. या दोन्ही प्रकारचे निष्कर्ष एकाच यादीत मांडले जातात, त्यामुळे क्षेत्राची प्रगती कधी फुगलेली तर कधी अकारण खुजी दिसते.

जुळणीमागची बळे

पेप्टाइडांना एकत्र धरणारी बळे सगळी दुबळी आहेत. साखळीच्या कण्यातल्या अणूंमध्ये हायड्रोजन बंध होतात आणि शेजारशेजारच्या साखळ्या सुमारे 0.48 नॅनोमीटर अंतरावर ओळीने लागून बीटा-पत्रके बनतात. जलविरोधी बाजू पाण्यापासून तोंड फिरवून आत दडतात. फेनिलअॅलनिनसारख्या अमिनो आम्लांची वलये एकमेकांवर रचली जातात. धनभार आणि ऋणभार समोरासमोर आले तर ओढ वाढते, सारखे भार आले तर रेणू दूर सरतात. एकेक बंध सहज तुटण्याजोगा असला तरी शेकडो बंध रांगेने लागले की तंतू टिकाऊ होतो.

बंध दुबळे असल्यामुळेच रचनेला हुकमी वळण देता येते. आम्लता बदलली, मीठ वाढले, एखाद्या एन्झाइमने साखळीचा तुकडा कापला, की जुळणी सुरू होते किंवा उलगडते. पण हाच गुण औषधवहनात अडचणही होतो. प्रत्येक पेप्टाइडाला जुळण्यासाठी एक किमान संहती लागते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. शिरेतून दिलेले काही मिलिलिटर द्रावण त्यात मिसळले की संहती त्या मर्यादेखाली जाऊ शकते, आणि मग वाहक वाटेतच विस्कटून औषध सांडते. त्यात रक्तातली अल्ब्युमिनसारखी प्रथिने जलविरोधी रेणू ओढून घेतात.

दुसरी बाब कमी बोलली जाते. अंतिम आकार फक्त अमिनो आम्लांच्या क्रमावर ठरत नाही, तो तिथवर कसे पोहोचलो यावरही ठरतो. डायफेनिलअॅलनिनचे, म्हणजे दोन फेनिलअॅलनिनच्या जोडीचे, उदाहरण घ्यावे. ही पांढरी भुकटी पाण्यात फारशी विरघळत नाही. म्हणून ती आधी हेक्झाफ्लुओरोआयसोप्रोपॅनॉल या तीव्र द्रावकात दर मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम इतकी दाट विरघळवतात आणि मग त्या द्रावणाचा थेंब पाण्यात सोडून संहती 2 मिलिग्रॅमच्या आसपास आणतात. नितळ पाणी पाहता पाहता गढूळ होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली लांब, ताठ, पोकळ नळ्या दिसतात. द्रावक, तापमान किंवा मिसळण्याचा क्रम बदलला तर त्याच भुकटीतून तंतू किंवा गोळे मिळू शकतात. दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळत नाहीत तेव्हा कारण पुष्कळदा या पायरीत असते, आणि शोधनिबंधाच्या कृतीत नेमकी हीच पायरी दोन ओळींत उरकलेली असते.

कुठून सुरुवात झाली

हवा तो क्रम हव्या त्या लांबीचा बनवता येणे ही पहिली गरज होती. ती रॉबर्ट ब्रूस मेरीफिल्ड यांनी 1963 मध्ये मांडलेल्या घन आधारावरील संश्लेषण-पद्धतीने भागवली. त्याबद्दल त्यांना 1984 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वयंजुळणीच्या अभ्यासाची सुरुवात मात्र बरीचशी योगायोगाने झाली. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये शुगुआंग झांग यीस्टमधील झुओटिन या प्रथिनाचा अभ्यास करत होते. त्यातला सोळा अमिनो आम्लांचा, धनभार आणि ऋणभार आलटून-पालटून येणारा एक तुकडा मिठाच्या पाण्यात टाकल्यावर डोळ्यांना दिसेल असा पडदा तयार झाला. हे काम 1993 मध्ये प्रसिद्ध झाले. याच धर्तीवर पुढे बनवलेले आरएडीए16 हे पेप्टाइड आज या क्षेत्रातला सर्वांत जास्त वापरलेला रेणू म्हणावा लागेल. आर्जिनिन, अॅलनिन, अॅस्पार्टिक आम्ल, अॅलनिन ही चौकडी चार वेळा आली की ते तयार होते.

त्याच 1993 मध्ये रेझा घादिरी यांच्या गटाने वेगळी वाट दाखवली. डाव्या आणि उजव्या हाताची, म्हणजे एल आणि डी प्रकारची, अमिनो आम्ले आलटून-पालटून घेऊन त्यांनी पेप्टाइडांची वर्तुळे बनवली. ती वर्तुळे एकावर एक बसून नळ्या झाल्या. नळीचा आतला व्यास वर्तुळात किती अमिनो आम्ले आहेत यावरून आधीच ठरवता येतो, हे त्या रचनेचे वैशिष्ट्य. 1997 मध्ये ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठातल्या गटाने बीटा-पत्रकांच्या लांब फितींची मांडणी केली. 2001 मध्ये सॅम्युअल स्टुप यांच्या गटाने पेप्टाइडाला मेदाम्लाची शेपटी जोडून तंतू मिळवले. 2002 मध्ये जोएल श्नायडर आणि डॅरिन पोचन यांनी केसाच्या पिनेसारखी दुमडणारी, वीस अमिनो आम्लांची जेल बनवणारी पेप्टाइडे पुढे आणली.

2003 मध्ये इस्रायलमधील मायटल रेखेस आणि एहुद गाझित यांनी डायफेनिलअॅलनिनच्या नळ्यांचे काम प्रसिद्ध केले. हा दोन आम्लांचा तुकडा त्यांनी सहज निवडलेला नव्हता. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साचणाऱ्या बीटा-अॅमिलॉइड पेप्टाइडाला जुळवणारा गाभा शोधता शोधता ते त्याच्यापर्यंत आले होते. रोगात विध्वंसक ठरणाऱ्या जुळणीतला सर्वांत छोटा भाग उपयोगी पदार्थ म्हणून हाताळता येतो, हे या कामाने दाखवले. या नळ्यांचा ताठपणा आणि कोरड्या उष्णतेत टिकण्याची क्षमता यांची खूप चर्चा झाली. पुढे 2011 मध्ये मात्र याच नळ्या पाण्यात विरघळून जातात असे स्पष्टपणे मांडले गेले. औषधवहनासाठी हे दुसरे निरीक्षण अधिक महत्त्वाचे होते, पण त्याची दखल कमी घेतली गेली.

भारतातही समांतर काम होत होते. दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञान केंद्रात वीरेंद्र चौहान यांच्या गटाने फेनिलअॅलनिनऐवजी त्याचे डीहायड्रो रूप वापरून डायपेप्टाइडांच्या नळ्या केल्या. साखळीत असे अनैसर्गिक आम्ल आले की प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमांना ती सहज कापता येत नाही, म्हणून औषधवहनासाठी हा बदल मोलाचा.

सुरुवातीच्या काळात नवी पेप्टाइडे अंदाजाने किंवा निसर्गातल्या तुकड्यांवरून निवडली जात. आता संगणकावर आधी चाळणी लावली जाते. वीस अमिनो आम्लांपासून 8,000 ट्रायपेप्टाइडे होऊ शकतात. त्या सर्वांच्या जुळणीचे संगणकीय अनुकरण करून निवडलेल्या काहींपासून प्रत्यक्षात जेल मिळाल्याचे 2015 मध्ये जाहीर झाले. पेंटापेप्टाइडांची संख्या 32 लाखांवर जाते; 2022 मध्ये त्यांच्यासाठी यंत्र-शिक्षणाची मदत घेतली गेली आणि अनुभवी संशोधकांनी सहसा निवडले नसते असे काही क्रमही पुढे आले. अडचण इतकीच, की या चाळण्या पेप्टाइड जुळते का एवढेच सांगतात. ते रक्तात टिकेल का, हे त्यांना अजून सांगता येत नाही.

औषध वाहून नेण्याच्या तीन रीती

पहिली रीत जेलची. आरएडीए16 चे द्रावण आम्लधर्मी आणि पातळ असते. ते शरीरातल्या द्रवाला भेटले की आम्लता निवळते, क्षार मिळतात आणि तंतूंचे जाळे होऊन जेल बनते. त्यात 97-98 टक्क्यांहून जास्त भाग पाण्याचाच असतो. जाळ्यात आधी मिसळलेले औषध हळूहळू बाहेर झिरपते. 2009 मध्ये या जेलमधून वेगवेगळ्या आकारांची प्रथिने बाहेर पडण्याचा वेग मोजला गेला. लायसोझाइमसारखे छोटे प्रथिन लवकर सुटते, प्रतिपिंडासारखे मोठे रेंगाळते, आणि बाहेर आल्यावरही प्रथिनांची घडी शाबूत असते, असे दिसले. श्नायडर-पोचन यांच्या जेलचा गुण वेगळा आहे. ती सुईतून दाबली की पातळ होते आणि दाब सुटताच पुन्हा घट्ट होते. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ न विरघळणारे असल्याने त्याला या जाळ्यात अडकवण्याचे प्रयोग झाले. जेलची मर्यादा म्हणजे छोटे, पाण्यात विरघळणारे औषध तिच्यात फार वेळ थांबत नाही. जाळ्याची छिद्रे त्याच्या मानाने फार मोठी असतात, म्हणून औषधाला तंतूशी धरून ठेवणारी काही ओढ मुद्दाम घडवावी लागते.

दुसऱ्या रीतीत औषध थेट पेप्टाइडाला जोडतात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील होंगगांग कुई यांच्या गटाने 2013 मध्ये कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी औषध छोट्या पेप्टाइडाला अशा बंधाने जोडले, की तो बंध पेशीच्या आत तुटावा. जलविरोधी औषध आत, जलस्नेही पेप्टाइड बाहेर, अशी मांडणी होऊन जोडरेणू स्वतःच तंतू किंवा नळ्या बनवतात. औषधाचे प्रमाण रेणूच्या सूत्रातच ठरलेले असल्याने ते कमीजास्त होत नाही. वजनाच्या 38 टक्क्यांपर्यंत औषध भरता आले. साध्या मिसळणीत एवढे औषध भरणे अवघड असते. बिंग शू यांच्या गटाने याच विचाराला एन्झाइमची जोड दिली. फॉस्फेटचा गट लावलेले पेप्टाइड मोकळे फिरते, आणि काही कर्कपेशींच्या पृष्ठभागावर मुबलक असणाऱ्या फॉस्फटेज एन्झाइमने तो गट काढला की ते तिथेच जुळू लागते. येथे वाहक बाहेर बनवून आत पाठवला जात नाही, तो लक्ष्यावरच उभा राहतो. रक्तात विरल होऊन विस्कटण्याची अडचण यात मुळातून टळते, त्यामुळे ही कल्पना या क्षेत्रातल्या सर्वांत आश्वासक कल्पनांपैकी एक वाटते. हे एन्झाइम निरोगी ऊतींतही असते, हा तिच्यावरचा रास्त आक्षेप.

तिसऱ्या रीतीत वाहक आणि औषध एकच असतात. लॅनरिओटाइड हे आठ अमिनो आम्लांचे पेप्टाइड सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकासारखे काम करते आणि अॅक्रोमेगली म्हणजे वाढ-संप्रेरकाच्या अतिरेकाच्या विकारात तसेच चेता-अंतःस्रावी गाठींत दिले जाते. पाण्यात दाट केले की ते सुमारे 24 नॅनोमीटर व्यासाच्या, सगळ्या एकसारख्या, पोकळ नळ्या बनवते. त्यांची रचना 2003 मध्ये उलगडली गेली. औषध म्हणून ते भरलेल्या सिरिंजमध्ये, घट्टसर जेलच्या रूपात येते. नितंबाच्या वरच्या बाहेरील भागात त्वचेखाली खोल टोचले की तिथे साठा होतो, आणि नळ्यांच्या टोकांपासून सुटत जाणारे रेणू साधारण चार आठवडे रक्तात जात राहतात. त्यात वेगळा बहुवारिक नाही, मेद नाही, पुटिका नाही. अमेरिकेत त्याला 2007 मध्ये मान्यता मिळाली. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरचे डेगारेलिक्स हे दहा अमिनो आम्लांचे औषध 2008 मध्ये मान्य झाले. तेही त्वचेखाली जेल होऊन महिनाभर पुरते. मधुमेहावरच्या लिराग्लुटाइडला मेदाम्लाची शेपटी आहे आणि त्याचे रेणू द्रावणात सात-सातच्या गटाने एकत्र येतात. टोचल्या जागेवरून ते सावकाश शोषले जाण्यात या जुळणीचा हात आहे.

शरीर स्वतः हेच तंत्र वापरते, असा पुरावा 2009 मध्ये पुढे आला. पीयूषिका ग्रंथीतल्या कणिकांमध्ये पेप्टाइड-संप्रेरके अॅमिलॉइडसारख्या तंतूंच्या रूपात साठवलेली असतात आणि स्रवताना सुटी होतात, असे त्या संशोधनाने मांडले. त्याचे प्रथम लेखक समीर माजी पुढे पवईच्या आयआयटी मुंबईत आले. तिथे त्यांच्या गटाने अॅमिलॉइड बनवणाऱ्या छोट्या पेप्टाइडांच्या जेलमध्ये मूलपेशी वाढवण्याचे काम केले. अॅमिलॉइड म्हणजे नेहमी रोग असे नाही, हे समजण्यात या संशोधनाचा वाटा मोठा आहे.

जनुकांचे ओझे

जनुकीय द्रव्य वाहून नेणे हे औषधापेक्षा वेगळ्या जातीचे काम आहे. एखादे जनुक गप्प करणाऱ्या एसआय-आरएनएच्या सुमारे 21 जोड्यांच्या तुकड्यावर चाळीसच्या आसपास ऋणभार असतात. पाच हजार जोड्यांच्या प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या वर्तुळावर, ते दहा हजार होतात. पेशीचे आवरणही ऋणभारित, त्यामुळे हा रेणू आपणहून आत जात नाही. रक्तात तो काही मिनिटांत कापलाही जातो.

पाच-सहा धनभार असलेले एकटे लघुपेप्टाइड अशा रेणूला धरून ठेवू शकत नाही. मीठ आणि प्रथिने ते सहज सोडवतात. स्वयंजुळणी उपयोगी पडते ती इथे. शेकडो पेप्टाइडे एका तंतूवर किंवा पुटिकेवर आली की त्यांचे धनभार एकाच पृष्ठभागावर दाटीने येतात आणि छोट्या रेणूंनाही मोठ्या बहुवारिकासारखी पकड मिळते. आत पोहोचल्यावर जुळणी सुटली की पकड आपोआप ढिली होते. पॉलिइथिलिनइमिनसारख्या लांब धनभारी बहुवारिकांत हे सुटणे नीट होत नाही आणि त्यांची विषारकताही जास्त असते.

पेशीने गिळलेला कण एंडोसोम नावाच्या पिशवीत बंद होतो. तिथली आम्लता वाढत जाऊन पीएच 7.4 वरून पाचाच्या आसपास येतो, आणि वेळीच बाहेर न पडलेले सगळे पचवले जाते. जनुकवहनात खरा अडथळा हाच आहे. आज सर्वांत यशस्वी मानल्या जाणाऱ्या मेदकणांच्या बाबतीतही एसआय-आरएनएचा एक ते दोन टक्केच भाग पेशीद्रवात उतरतो, असे 2013 मध्ये मोजले गेले.

बाहेर पडण्यासाठी पेप्टाइडांत दोन युक्त्या वापरतात. एक हिस्टिडिनची. त्याचे वलय पीएच सहाच्या आसपास धनभार घेते. असे अनेक हिस्टिडिन असले की ते आत येणारे प्रोटॉन शोषत राहतात, पिशवीत पाणी ओढले जाते आणि ती फुटते, अशी ही उपपत्ती. पॉलिइथिलिनइमिनवर घेतलेल्या मोजमापांनी तिच्याबद्दल गंभीर शंका उपस्थित केल्या आहेत. हिस्टिडिन असलेली पेप्टाइडे चांगले काम करतात हे निर्विवाद आहे, ती का करतात हे नाही. दुसरी युक्ती पटल भेदण्याची. 1980च्या दशकात बनवलेले गाला हे तीस आम्लांचे पेप्टाइड आम्लात सर्पिल होऊन पटलात शिरते. त्याची धनभारी भावंडे, 1997 चे काला आणि बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात विकसित होऊन 2014 मध्ये प्रसिद्ध झालेले राला, डीएनए गुंडाळतात आणि पटलही भेदतात. भेदण्याची ताकद वाढवली की पेशीचे बाहेरचे आवरणही धोक्यात येते. ही दोरी कुठे ताणायची ते अजून प्रत्येक पेशीप्रकारासाठी प्रयोगानेच ठरते.

विषाणूचे कवच छोट्या पेप्टाइडांतून उभे करण्याचा प्रयत्नही झाला आहे. जपानमधील काझुनोरी मात्सुउरा यांच्या गटाने 2010 मध्ये टोमॅटोच्या एका विषाणूच्या प्रथिनातला 24 आम्लांचा तुकडा घेऊन 30 ते 50 नॅनोमीटरची पोकळ कवचे मिळवली. सिंगापूरमध्ये अली मिसेरेझ यांच्या गटाने स्क्विडच्या चोचीतल्या प्रथिनांवरून बेतलेली पेप्टाइडे वापरली. त्यांचे तंतू होत नाहीत. दाट द्रव थेंब होतात आणि त्यांत मोठी प्रथिने व मेसेंजर आरएनए सामावतात. पेशीत शिरल्यावर तिथल्या क्षपणकारी वातावरणात थेंब विरघळतो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाचे महत्त्व असे, की थेंब नेहमीच्या एंडोसोमच्या मार्गाने जात नसावेत असे त्यात दिसते. ते पक्के ठरले, तर अडथळ्याला वळसा घालणारी वाट सापडली असे म्हणता येईल.

माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेले उदाहरण हिस्टिडिन आणि लायसिनच्या फांद्या असलेल्या पेप्टाइडाचे आहे. एसटीपी705 या नावाने त्यात दोन एसआय-आरएनए गुंडाळून त्वचेच्या कर्करोगाच्या प्रारंभिक गाठींत दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्या झाल्या. तेही थेट गाठीत टोचले जाते. रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आरएडीए16 जेलसारखेच इथेही स्थानिक वापराने आधी दार उघडले.

मतभेद कुठे आहेत

पहिला मतभेद साधेपणाचा. एक गट म्हणतो, दोन-तीन आम्लांची पेप्टाइडे स्वस्त आहेत, किलोंनी बनवता येतात, म्हणून औषध म्हणून त्यांनाच भवितव्य आहे. दुसऱ्या गटाच्या मते इतक्या आखूड क्रमात लक्ष्य ओळखणे, जुळणे, सुटणे या सगळ्या सूचना मावत नाहीत, आणि त्या बसवण्यासाठी साखळीच्या टोकाला फ्लुओरेनिलसारखा वलयी गट किंवा विषारी द्रावक घ्यावा लागला तर साधेपणाचा फायदाच निघून जातो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. बाजारात आलेली बहुतेक पेप्टाइडे आठ ते सोळा आम्लांच्या पट्ट्यात आहेत, ही नोंद मात्र दुसऱ्या गटाकडे थोडी झुकते.

दुसरा मतभेद घट्ट जुळणी चांगली की सैल, हा. वर्षानुवर्षे रचना अधिक टिकाऊ करणे हेच ध्येय होते. 2021 मध्ये स्टुप यांच्या गटाने मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांत दाखवले, की तंतूतले रेणू जास्त हलते असतील तर पेशींना दिलेला संदेश जास्त परिणामकारक होतो. ते काम औषधवहनाचे नव्हते, तरी औषधवहनाचा विचार करणाऱ्यांनाही टिकाऊपणा हा एकमेव निकष धरता येत नाही, हे त्यातून पुढे आले.

तिसरा वाद या क्षेत्रापुरता मर्यादित नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असल्याने नॅनोकण तिथे आपोआप साचतात, ही कल्पना 1986 मध्ये जपानमध्ये मांडली गेली आणि पेप्टाइडांवरच्या असंख्य निबंधांचे समर्थन तिच्यावर उभे आहे. 2016 मध्ये दहा वर्षांच्या प्रयोगांचा एकत्रित हिशेब झाला तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्यांचा मध्यक 0.7 टक्के निघाला. बहुतेक कण यकृत आणि प्लीहेतल्या भक्षकपेशी उचलतात. काही संशोधक म्हणतात की एवढ्यानेही औषधाचा तोल सुधारतो आणि दुष्परिणाम घटतात. काहींच्या मते शिरेतून लक्ष्य गाठण्याचा हट्ट सोडून स्थानिक जेलवरच भर द्यावा.

चौथा प्रश्न मेदकणांनी उभा केला. 2018 मध्ये पॅटिसिरान या मेदकणांतल्या एसआय-आरएनए औषधाला मान्यता मिळाली. 2019 मध्ये साखरेचे रेणू जोडून यकृताकडे वळवलेले गिव्होसिरान आले, त्याला तर कणाचीही गरज नव्हती. 2020च्या अखेरीस मेसेंजर आरएनएच्या लशी कोट्यवधींना मिळू लागल्या. मग पेप्टाइडे कशासाठी? समर्थकांचे उत्तर असे, की मेदकण मुख्यतः यकृतात जातात, त्यांना कडक थंडी लागते, आणि फुप्फुस, त्वचा किंवा मेंदूसाठी वेगळे वाहक हवेतच. हे उत्तर तर्काला धरून आहे, पण एकाच प्राण्यात, एकाच मात्रेने दोन्हींची सरळ तुलना करणारे अभ्यास फार थोडे आहेत. त्यावाचून हा वाद पुढे सरकणार नाही.

काय सुटलेले नाही

अॅमिलॉइडशी असलेले नाते सुरक्षिततेच्या चर्चेत पुन्हा पुन्हा येते. बीटा-पत्रकांचे परके तंतू शरीरातल्या प्रथिनांना चुकीच्या जुळणीचे बीज पुरवतील का, ही शंका तत्त्वतः बिनबुडाची नाही. लॅनरिओटाइड आणि आरएडीए16 यांच्या दीर्घ वापराने काहीसा दिलासा मिळतो. तो त्या रेणूंपुरता आहे, नव्या क्रमाला आपोआप लागू पडत नाही.

प्रतिकारशक्तीचा प्रश्न याहून टोकदार आहे. क्यू11 हे अकरा आम्लांचे पेप्टाइड एकटे दिले तर उंदरांत प्रतिपिंडे जवळपास उठत नाहीत, पण त्याला प्रतिजनाचा तुकडा जोडून तंतू केले की इतर कोणत्याही सहायकाशिवाय जोरदार प्रतिसाद येतो, असे 2010 मध्ये दिसले. लशीसाठी हे वरदान ठरू शकते. औषधाच्या वाहकावर लक्ष्य-ओळखीचा तुकडा बसवायचा असेल, तर हीच गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला अडथळा होईल. पुन्हा पुन्हा दिल्यावर काय होते, याचे दीर्घ अभ्यास म्हणूनच हवे आहेत.

मोजमापाचीही अडचण आहे. रचना शरीरात कुठे गेली हे पाहण्यासाठी पेप्टाइडाला चमकणारा रंगरेणू जोडतात. चार-पाच आम्लांच्या साखळीला जवळपास तिच्याएवढाच जलविरोधी रंगरेणू चिकटवला की तिची जुळणीच बदलते. शिवाय यकृतात चमक दिसली तरी तिथे अख्खा तंतू आहे, सुटे पेप्टाइड आहे की तुटलेला तुकडा, हे त्यावरून कळत नाही. रक्तात जुळलेली रचना जुळलेलीच राहते, हे या क्षेत्रातले मूळ गृहीतक जिवंत प्राण्यात फार क्वचित थेट तपासले गेले आहे.

उत्पादनात पेप्टाइडांचा दर लांबीनुसार वाढतो. शुद्धीकरणातून उरलेले ट्रायफ्लुओरोअॅसिटिक आम्ल जुळणीवर आणि पेशींवर परिणाम करते, तर एखादे आम्ल कमी असलेल्या साखळ्यांची थोडी भेसळही तंतूंची लांबी बदलू शकते. निर्जंतुकीकरणाच्या उष्णतेत किंवा किरणोत्सारात जेल टिकते का, ते प्रत्येक रेणूसाठी वेगळे पाहावे लागते.

शेवटचा मुद्दा मान्यतेचा. आरएडीए16 वर आधारलेले रक्तस्राव थांबवणारे जेल युरोपात 2014 पासून वैद्यकीय साधन म्हणून वापरात आहे. लीड्सच्या संशोधनातून आलेले पी11-4 हे अकरा आम्लांचे पेप्टाइड दातावरच्या सुरुवातीच्या किडीसाठी साधन म्हणूनच विकले जाते. ते दाताच्या मुलाम्यात (एनॅमलमध्ये) शिरून जुळते आणि खनिज बसायला आधार देते. साधनाला लागणारा पुरावा औषधापेक्षा हलका असतो. त्याच जेलमध्ये कर्करोगाचे औषध किंवा एसआय-आरएनए मिसळले की ते संयुक्त उत्पादन होते आणि पेप्टाइड, औषध व त्यांची जुळणी या तिन्हींची गुणवत्ता वेगवेगळी सिद्ध करावी लागते. यांतली जुळणी कशी तपासायची, तंतूंची लांबी, जाडी आणि सुटण्याचा वेग यांतली कोणती मर्यादा पाळली की दोन घाण्यांचा माल एकच मानायचा, यावर सर्वमान्य मानके अजून ठरलेली नाहीत. लॅनरिओटाइडसारख्या औषधांच्या जेनेरिक आवृत्त्या तपासतानाही हाच प्रश्न पुढे येतो, कारण तिथे रेणू सारखा असणे पुरत नाही, नळ्याही सारख्या असाव्या लागतात.